हिशेबनिसाची नोकरी टिकेल का?

प्रश्न : माझा मुलगा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानी हिशेब लिहितो. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे त्याची नोकरी जाईल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि खोटा दिलासा देणे मला योग्य वाटत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी हा मजकूर लिहून देणारा संगणकीय कार्यक्रम आल्यापासून पत्रे, गोषवारे लिहिण्याचे काम यंत्र करू लागले आहे; त्यामुळे पगार निव्वळ पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशेब) लिहिण्यावर अवलंबून असेल, तर धोका खरा आहे. मात्र ही यंत्रे चुकीची माहितीही ठामपणे देतात, आणि शेतकऱ्याच्या पट्टीत चूक झाली तर जाब दुकानालाच द्यावा लागतो. म्हणून मुलाने सौद्यात उभे राहून हळकुंडाची प्रत ओळखायला शिकावे आणि यंत्राचा हिशेब तपासण्याची जबाबदारी मालकाकडून आताच मागून घ्यावी.