कस्टमरची फाइल उघडायच्या आधी त्याची टीम बघ

बाबू,

विम्याच्या कस्टमरची तुझी यादी बघितली. टर्नओव्हरप्रमाणे तीन गट पाडले तू, जिनिंगवाले वर, दालमिल-राइसमिलवाले मधात अन् कृषी केंद्र, किराणा, सिमेंटवाले सगळे खाली. ऑफिसात दाखवायले ठीक आहे. पण त्या यादीवरून हे कळत नाही की उद्या आग लागली तर तुले फोन कोण करीन, कागद कोणाजवळ सापडतीन अन् स्टॉकचा खरा आकडा कोणाले माहीत आहे. धंद्याचा विमा उतरवताना बिल्डिंग नंतर बघ, पहिले टीम बघ, म्हणजे तो धंदा चालवणारी माणसं, अन् तू तर शाळेपासून ग्राउंडवर पडलेला पोट्टा, तुले टीमा काही शिकवायची गरज नाही.

गावातली कबड्डीची टीम घे. रेड मारणारा एकच, बाकीचे साखळी धरून उभे, तो आउट होऊन बाहेर बसला की मॅच गेली. तालुक्याच्या गावचं कृषी केंद्र असंच असते. शटरची चाबी मालकाजवळ, उधारीची वही मालकाजवळ, कोणत्या कंपनीचे किती पैसे द्यायचे ते पण त्याच्याच डोक्यात. याले दुकानाचा विमा दे, पण त्याच्या आधी त्याच्या स्वतःच्या अपघात विम्याचं विचार, कारण तो गाडीवरून पडून तीन महिने खाटेवर राहिला तर धंदा बसायले आग लागायची गरजच नाही. अन् माल किती आहे ते मार्चमध्ये जाऊन मोजू नको, मृगाच्या तोंडावर बियाणं अन् खताची थप्पी छताले लागते तेव्हाचा आकडा धर. तो म्हणीन, "फायर पॉलिसी म्हंजे आगीचीच नं, मायं दुकान काहून जळन?" तर त्याले सांग की १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यासाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आहे, एका जागेवरचा सगळा ऐवज ५ कोटीपर्यंत असला की हीच पॉलिसी, अन् तिच्यात पूर, वादळ, वीज पडणं हे पण येते. जुलै २०२३ चा पूर यवतमाळ जिल्ह्यातल्या लोकांनी बघितलेला आहे, नाल्याकाठच्या दुकानदाराले त्याच्यावर जास्त बोलायचं काम पडत नाही. फक्त शटर फोडून चोरी झाली तर ती यात नाही, त्याले बर्गलरी, म्हणजे घरफोडीची पॉलिसी, वेगळी काढा लागते, हे त्याले आधीच सांगून ठेव, चोरी झाल्यावर सांगशीन तर दुकानात उभं करणार नाही तुले.

आता टेनिस बॉल क्रिकेटची टीम. टुर्नामेंट लागली की टीम उभी, अर्धे गावचे, अर्धे बाहेरून आणलेले, फायनल झाली की कोण कुठं गेला पत्ता नाही. वणी, हिंगणघाट, पांढरकवडा या पट्ट्यातल्या बऱ्याच जिनिंग मले तरी अशाच वाटतात. जुलैमध्ये आवारात चिटपाखरू नसते अन् डिसेंबरात बघशीन तर कापसाच्या गंज्या, सरकीचे ढीग, गठाणी, गेटबाहेर गाड्यांची लाइन. अशा माणसाचा विमा वर्षभराच्या सरासरीवर काढला की तो गेलाच समज. कागद घेऊन हिशोब कर. आग लागली त्या दिवशी माल होता २ कोटीचा, विमा उतरवला होता १ कोटी २० लाखाचा, म्हणजे ६० टक्के. जळालं ५० लाखाचं. मालक समजतो की विमा तर सव्वा कोटीच्या घरात आहे, ५० लाख कुठं जातीन. पण नुकसान मोजायले आलेला सर्वेअर अॅव्हरेज लावतो, म्हणजे विमा जितके टक्के तितकीच भरपाई, अन् ५० चे ३० होतात, वरून एक्सेस, म्हणजे मालकानं स्वतः सोसायचा हिस्सा, वेगळा कटते. सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत, अन् ५ ते ५० कोटीवाल्यांसाठी जी लघु उद्यम सुरक्षा आहे तिच्यात, १५ टक्क्यांपर्यंत विमा कमी पडला तर माफ आहे, पण इथं ४० टक्के कमी आहे, काही उपयोग नाही त्याचा. ज्याचा गोदामातला स्टॉक असा वर-खाली होतो त्याच्यासाठी डिक्लेरेशन पॉलिसी असते, दर महिन्याले स्टॉक कळवायचा अन् वर्षाच्या शेवटी प्रीमियमचा हिशोब. मालकाले महिन्याच्या महिन्याले कळवायचा कंटाळा येतो, तो येणारच, म्हणून त्याच्या मुनीमाशी दोस्ती कर. अन् उघड्यावरचा कापूस अन् शेडमधला कापूस फॉर्मवर एकाच ओळीत कधीच टाकू नको, जिनिंग होताना बैलबंडीतून आलेला एखादा गोटा नाहीतर लोखंडाचा तुकडा मशीनमध्ये गेला की ठिणगी पडते हे तिथला प्रत्येक मजूर जाणतो.

बाहेरून आणलेल्या खेळाडूंचं पण बघ. "ते पोट्टे माये नाहीत, ठेकेदाराचे हायेत" असं मालक म्हणते. म्हणू दे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १२ मध्ये होतं, अन् नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत पण आहे, की काम ज्याचं चालू आहे त्या मुख्य मालकाकडून पण भरपाई मागता येते, ठेकेदाराकडून त्यानं नंतर वसूल करावी. हात मशीनमध्ये गेलेल्या माणसाच्या घरचे ठेकेदाराले शोधत फिरत नाहीत, ते गेटवर येतात. म्हणून मजुरांचा विमा काढताना ठेकेदाराची माणसं धरूनच आकडा घे. आणखी एक, "चेक उद्या देतो, तू पॉलिसी चालू कर" हे ऐकायचं नाही. एंट्री फी भरल्याशिवाय टुर्नामेंटमध्ये कोणी उतरू देते का? विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी तेच म्हणते, प्रीमियम पोचला नाही तर जोखीम सुरूच होत नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाते ती खो-खोची टीम. म्हणजे भाऊ-भाऊ भागीदारी. खो-खोत आठ जण बसलेले असतात अन् एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे, तसेच हे. मोठा भाऊ बँक बघतो, लहाना मिल बघतो, मधात तिसरा असला तर तो शेती अन् राजकारण. लहान्यानं तुरीचा माल मागच्या गल्लीतल्या भाड्याच्या गोदामात हलवला, मोठ्याले वाटते जुन्याच जागी आहे, अन् पॉलिसी बँकेनं सीसी लिमिटच्या, म्हणजे मालावर कर्ज देतानाच्या, वेळेस काढलेली, तिच्यावर पत्ता जुना. विमा पत्त्यावरच्या मालाचा असते बाबू, नुसता मालकाच्या मालाचा नाही. शिवाय पॉलिसीत बँकेच्या नावाची अट, म्हणजे बँक क्लॉज, असल्यावर क्लेमचा पैसा पहिले बँकेकडे जाते हे लहान्याले माहीतच नसते, मग क्लेम पास झाल्यावर घरात भांडण अन् शिव्या एजंटले. एकाले भेटून कधी सही घेऊ नको. दोघं सोबत बसतीन तेव्हाच जा, मग दोन चकरा वाया गेल्या तरी चालन.

शेतकरी उत्पादक कंपनी म्हणजे रस्सीखेच, सगळे एकाच दोरीले. त्यांच्याबद्दल एवढंच, गोदामातला माल कंपनीचा किती अन् सभासदांनी ठेवलेला किती हे विचार, अन् दुसऱ्याचा ठेवलेला माल असला तर तो फॉर्मवर साफ लिही.

राहिली विदर्भाची रणजी टीम. २०१७-१८, २०१८-१९ अन् परत २०२४-२५, तीनदा ट्रॉफी आणली त्यांनी. शेवटची फायनल नागपूरच्या जामठ्याले, केरळसोबत, मॅच ड्रॉ झाली अन् पहिल्या डावातल्या ३७ रनांच्या आघाडीवर कप आपला. असा पण कस्टमर असते. वायरिंग तपासलेली, आग विझवायचे सिलिंडर भरलेले, बिलं फाइलला, स्टॉक रजिस्टर रोज लिहिलेलं. वर्षानुवर्षं क्लेम नाही म्हणून एजंट त्याच्याकडे फिरकत नाही, रिन्युअलच्या आदल्या दिवशी फोन, बस. मग कोणीतरी दोन पैसे कमी सांगून त्याले घेऊन जाते. मले विचारशीन तर सगळ्यात जास्त चकरा याच्याकडेच मार. हा तुले पॉलिसीतली अट वाचून प्रश्न विचारीन, घाम फोडीन, पण "कमिशनमधलं काही वापस देशीन का" असं विचारणार नाही. विचारणारे दुसरे भेटतीनच, त्यांना सरळ नाही म्हण, विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ मध्ये ते चालत नाही अन् एकदा दिलं की दरवर्षी द्या लागते.

गोंदियाकडे जाणार आहेस म्हणे पुढच्या हप्त्यात. तिथला आपला राइस मिलवाला याच टीममधला आहे, रिन्युअलले अजून चार महिने आहेत तरी जाऊन ये. नवीन मशीन बसवली असं कानावर आलं, तिची किंमत पॉलिसीत आली का ते बघ, नसीन आली तर बिलाची कॉपी घेऊन एन्डॉर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीतली दुरुस्ती, आत्ताच करून घे.