दुकानदार म्हणतोय ४५ दिवस झाले, आता हातानं भरवणं बंद करा. पण कॉकटीलचं (तुरेवाल्या छोट्या पोपटाचं) पिल्लू दाणे खातच नाहीये, काय करू?

बंद करू नका. दोन दिवस उपाशी ठेवलं की झक मारत खातं, हे मलाही पिल्लू देताना सांगितलं होतं, आणि तुमचं जे दिवसभर ओरडतंय ना ते लाडानं नाही, भुकेनं ओरडतंय. कॉकटील साधारण ७ ते १० आठवड्यांत हातचं सोडतात, तुमचं तर अजून साडेसहाचंच आहे. आफ्रिकन ग्रे, म्हणजे तो मोठा करडा पोपट, असता तर तीन-चार महिने भरवत बसला असतात.

आधी फॉर्म्युला, म्हणजे पिल्लांना भरवायची पावडर पाण्यात कालवून, नीट जमू दे. दूध अजिबात नको, पक्ष्यांना ते पचत नाही. तापमान ३९ ते ४१ डिग्री, आणि थर्मामीटर घ्याच, मनगटावर थेंब टाकून बघणं वगैरे बाळांच्या बाटलीसाठी ठीक आहे. ४३ च्या वर गेलं तर आतून गळ्याची थैली भाजते, मायक्रोवेव्हमध्ये तर मधेच कढत राहतं म्हणून तो नकोच. मी भाजायच्या भीतीनं उलटं केलं, कोमट म्हणता म्हणता गारच भरवत राहिलो, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर रात्रीचं सगळं थैलीत तसंच, हाताला मळलेल्या कणकेसारखं लागतंय आणि तोंडाला आंबूस वास. बुटाच्या खोक्यात टॉवेल घालून ठाण्याहून स्लो लोकलनं परळचं बैलघोडा हॉस्पिटल (प्राण्यांचं) गाठलं, वाचलं बिचारं. म्हणून सांगतो, रात्रीतून थैली एकदा पूर्ण रिकामी झालीच पाहिजे.

भरवताना पिल्लू उभं, सिरिंज त्याच्या डाव्या बाजूनं उजवीकडे, आणि ते मान खालीवर करून स्वतः ओढायला लागलं की मगच दाबायचं, नाहीतर श्वासनळीत जातं आणि मग काही हातात राहत नाही. एका वेळी वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८० ग्रॅमच्या पिल्लाला ८ मिली.

आता सोडवायचं कसं. तीन वेळा देत असाल तर आधी दुपारचं कमी करा, मग सकाळचं, रात्रीचं सगळ्यात शेवटी. रोज सकाळी भरवायच्या आधी किचनच्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा. या काळात थोडं उतरतंच, पण दहा टक्क्यांच्या पुढे उतरायला लागलं की बंद केलेली वेळ परत चालू, त्यात कमीपणा काही नाही.

आणि वाटीत तोंड घातलं म्हणजे खाल्लं असं नसतं हो! आमचं तासभर वाटी उकरायचं, मी खूश, नंतर फुंकर मारून बघितलं तर टरफल एक उडेना, सगळे दाणे आख्खे. मग एकदा आई पेपर पसरून जांभळी नाक्यावरून आणलेलं राळं निवडत बसली होती, हे तुरूतुरू चालत गेलं आणि तिच्या बोटाशेजारी टिपायला लागलं. वाटी हा प्रकारच त्याला कळत नव्हता. तेव्हापासून जमिनीवरच पेपर, त्यावर राळं, बाजरी, मोड आलेले मूग, उकडलेला मका, आणि आपण शेजारी बसून बोटानं टकटक करायचं. खाली सोडाल तेव्हा पंखा मात्र बंद.

(हे वाचून कुणी आपला लाल चोचीचा हिरवा पोपट आणायच्या विचारात असेल तर तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, विकणारा काहीही सांगू दे.)

आमच्यानं रात्रीचं भरवणं अकराव्या आठवड्यात सोडलं. सिरिंज तोंडाशी नेली तर मान फिरवली आणि सगळा फॉर्म्युला माझ्या टीशर्टवर. तोवर घरच्यांनी मला आयाबाई म्हणून घेतलं, चालतंय. तुम्ही आज रात्री पोटभर भरवा आणि उद्या सकाळचं वजन किती येतंय ते सांगा, मग बघू दुपारचं कधी कमी करायचं.