मेन्झीज की मिंगिस?

एका मैत्रिणीचा प्रश्न आलाय. ती सध्या ‘आउटलँडर’ ही मालिका बघतेय. त्यात फ्रँक रँडल आणि त्याचा क्रूर पूर्वज ब्लॅक जॅक अशा दोन्ही भूमिका करणारा टोबायस मेन्झीज तिला फार आवडला. पण ग्लासगोला राहून आलेला तिचा दीर म्हणाला, “वहिनी, ते मेन्झीज नाही, मिंगिस.” स्पेलिंगमध्ये तर ढळढळीत झेड आहे. मग मराठीत लिहायचं काय?

आधी दिरांची बाजू घेते, कारण त्यांच्या म्हणण्यामागे एका हरवलेल्या अक्षराची गोष्ट आहे.

स्कॉटलंडच्या जुन्या स्कॉट्स भाषेत ‘योख’ नावाचं अक्षर होतं. दिसायला जवळजवळ आपल्या ३ सारखं, खाली शेपूट सोडलेलं. शब्दाच्या सुरुवातीला ते ‘य’सारखं वाजायचं. ‘न’ किंवा ‘ल’च्या मागे आलं की ‘न्य’, ‘ल्य’ असा मऊ उच्चार व्हायचा. हाताने लिहिताना शेपटीचा झेडही तसाच दिसायचा. स्कॉटलंडमध्ये छपाई सुरू झाली १५०८च्या सुमारास, एडिंबरात. छापखान्यांच्या खिळ्यांमध्ये योख नसायचा, म्हणून त्याच्या जागी झेड बसवला जाऊ लागला. उच्चार लोकांच्या तोंडात होता तसाच राहिला, कागदावर मात्र झेड कायमचा चिकटला.

मेन्झीजमधला झेड हा असा मुळातला योख. त्यातला ‘न्य’ पुढे घशाकडे सरकला आणि आडनाव झालं मिंगिस. खरं तर ‘मिंगिस’ हेही पुरतं बरोबर नाही, कारण त्यात ‘ग’ नाहीच. ‘वाङ्मय’मधला ङ घ्या आणि म्हणा, मिङिस. आपल्या वर्णमालेत हे अक्षर कधीचं नुसतं बसून आहे. इथे ते नेमकं कामाला येतं, याचा मला मनापासून आनंद होतो. ब्रिटनमधल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे एकेकाळचे नेते मेन्झीज कॅम्बेल यांना सगळे ‘मिंग’ म्हणत, ते यामुळेच.

असाच झेड आणखी नावांतही आहे. स्कॉटलंडमधल्या एअरशरच्या किनाऱ्यावरच्या एका किल्ल्याचं नाव स्पेलिंगवरून ‘कल्झीन’ वाटतं, म्हणतात ‘कलेन’. ‘डॅल्झील अँड पॅस्को’ ही पोलीस मालिका काहींना आठवत असेल. ती घडते यॉर्कशरमध्ये, पण डॅल्झील हे आडनाव स्कॉटिश. वॉरन क्लार्कने रंगवलेल्या त्या अधिकाऱ्याला मालिकेत सगळे ‘डी-एल’ म्हणतात.

आणि शेटलंड! ‘शेटलंड’ या गुन्हेमालिकेत पहिली सात पर्वं डग्लस हेन्शलने जिमी पेरेझ साकारला, २०२३पासून अ‍ॅशली जेन्सन आली. त्या बेटांचं जुन्या कागदांतलं नाव सापडतं ‘झेटलंड’. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतल्या ‘ह्याल्टलंड’मधला ‘ह्य’ योखने लिहिला गेला आणि योखचा झाला झेड. तिथल्या कौन्सिलच्या नावात १९७५पर्यंत झेटलंडच होतं. आजही तिथला पिनकोड झेड-ई या अक्षरांनी सुरू होतो. मालिकेतला सँडी, म्हणजे स्टीव्हन रॉबर्टसन, मूळचा शेटलंडचाच. त्याच्या बोलण्याकडे मुद्दाम कान द्या, बाकीच्यांपेक्षा ते वेगळं लागतं. मालिकेतलं मुख्य गाव लिहायचं ‘लर्विक’. बेरिक या गावाच्या स्पेलिंगमधला डब्ल्यू गिळतात, म्हणून इथलाही गिळू नका. आणखी एक, तिथल्या लोकांना ‘द शेटलंड्स’ हे अनेकवचन खटकतं. मराठीत सरळ ‘शेटलंडमध्ये’ म्हणावं.

पण स्पेलिंग कधीकधी जिंकतंही. ‘आउटलँडर’मध्ये नायक जेमीचे मामा ज्या घराण्यातले, ते मकेन्झी. त्यातला झेडही योखच होता, उच्चार होता ‘मकेन्यी’च्या जवळचा. आज खुद्द स्कॉटलंडमध्येही सगळे झेड म्हणतात. ग्लासगोजवळच्या लेन्झी गावाचंही तेच झालं. यात आपल्याला नवल वाटू नये. शीवचं इंग्रजी स्पेलिंग वाचून वाचून आपणच ‘सायन’ म्हणायला लागलो. तरी ‘शीव’ अजून जिवंत आहे, आणि ते तसंच राहावं असं मला फार वाटतं.

म्हणजे नुसत्या अक्षरावरून काही ठरत नाही. आपल्याकडे तरी कुठे ठरतं? ‘हे जग’ आणि ‘सुखाने जग’, लिहायला दोन्ही सारखे, पण म्हणताना मराठी माणूस चुकत नाही. बाहेरच्याला मात्र शिकावं लागतं.

आता मूळ प्रश्न. टोबायस जन्माने लंडनचा. तो स्वतःचं आडनाव स्पेलिंगप्रमाणे, झेडसह म्हणतो. माणसाचं नाव तो स्वतः म्हणेल तेच खरं, म्हणून त्याच्यापुरतं ‘मेन्झीज’ लिहावं. अ‍ॅबरफेल्डीजवळच्या त्या घराण्याच्या किल्ल्याबद्दल लिहाल तेव्हा ‘मिङिस’. गावांच्या बाबतीत गावकऱ्यांचा कान प्रमाण. ‘आउटलँडर’मधलं क्रेन्सम्युअर म्हणून जे गाव दाखवलंय, त्याचं खरं नाव ‘कूरस’ असं उच्चारतात, स्पेलिंगमध्ये एल असला तरी. आणि तळ्यासाठीचा स्कॉटिश शब्द ‘लॉक’ नको, ‘लॉख’ लिहा. आपला ख अगदी तोच नाही, तिथे हवा घशात घासत जाते, पण ‘क’पेक्षा तो कितीतरी जवळचा.

दीर घरी आले की त्यांना ग्लासगोच्या उत्तरेकडच्या एका उपनगराचं नाव विचारा. स्पेलिंगवरून आपण ‘मिल्नगेव्ही’ म्हणू. ते म्हणतील ‘मलगाय’, आणि जोर ‘गाय’वर देतील.