महारेराची परीक्षा न देता एजंट म्हणून काम सुरू करता येईल का?

आपण विचारले आहे की, डोंबिवली परिसरातील नव्या प्रकल्पांत घरे विकून देण्याचे काम सुरू करायचे असल्यास महारेराचे (म्हणजे घरखरेदीविषयीचा रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचे) प्रशिक्षण आणि परीक्षा खरोखर आवश्यक आहे का, की ओळखीच्या एजंटाच्या नोंदणी क्रमांकावर काही दिवस निभावून नेता येईल, आणि एकूण खर्च किती येतो.

दुसऱ्याच्या क्रमांकावर काम करू नका. रेरा कायद्याच्या कलम 9 नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घर नोंदणीविना विकून देता येत नाही आणि कलम 62 नुसार त्यासाठी दिवसाला 10,000 रुपये असा, घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत चढत जाणारा दंड आहे. परीक्षेविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तिच्यावरून माझी अकरा वर्षांची भागीदारी मोडली.

2017 मध्ये महारेरा सुरू झाले तेव्हा परीक्षा नव्हती. मी आणि माझ्या भागीदाराने प्रत्येकी 10,000 रुपये भरले, मिळालेला क्रमांक पाटीवर रंगवून घेतला आणि कायदा वाचण्याचे कष्ट दोघांपैकी कोणीही घेतले नाहीत. 2019 मध्ये आम्ही एका शिक्षक दांपत्याला टिटवाळ्याच्या बाजूचे 42 लाखांचे घर दाखवले. साईटवरच्या विक्री कार्यालयातील माणसाने ‘हा भाव रविवारपर्यंतच’ असे सांगून त्यांच्याकडून 9 लाखांचा चेक घेतला आणि टोकन म्हणून एक पावती फाडून दिली, जिच्यावर रक्कम होती, सही होती, पण फ्लॅटचा क्रमांकसुद्धा नव्हता. मी शेजारी बसून चहा पीत होतो. पुढे काम चौथ्या स्लॅबवर थांबले, करारनामा झालाच नाही आणि स्वतःचेच पैसे सोडवून घेण्यासाठी त्या बाईंना पावणेदोन वर्षे खेटे घालावे लागले. व्याजाचा एक रुपयाही त्यांच्या हाती पडला नाही. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा भागीदाराने उत्तर दिले, “मॅडम, आम्ही फक्त भेट घालून दिली.”

जानेवारी 2023 च्या आदेशाने नव्यांसोबत जुन्या एजंटांनाही परीक्षा बंधनकारक झाली, तेव्हा मी वीस तासांच्या प्रशिक्षणाला बसलो. तेथे कलम 13 समोर आले: करारनाम्याची नोंदणी झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. 42 लाखांचे 10 टक्के म्हणजे 4 लाख 20 हजार. मी वहीच्या समासात तो आकडा लिहिला आणि त्या तासात पुढे काय शिकवले ते मला आठवत नाही. कलम 10 तर थेट आमच्यासाठीच होते, कारण बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या माहितीचा आणि कागदपत्रांचा हक्क आहे ती त्याला मिळवून देणे हे एजंटाचे कर्तव्य आहे. नुसती भेट घालून देणाऱ्यालाही हा कायदा एजंटच मानतो.

हे भागीदाराला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “बावीस वर्षे घरे विकतोय, आता पोरांच्या शेजारी बसून पेपर देऊ?” माझ्या मते अनुभवाची ही फुशारकी आमच्या व्यवसायाला लागलेली कीड आहे, कारण बावीस वर्षांत त्याने आणि मी कमावलेला अनुभव मुख्यतः टोकन कसे काढून घ्यावे याचा होता. परीक्षा कठीण नाही. कायदा एकदा शांतपणे वाचलेल्या माणसाला ती जड जात नाही.

खर्चाचे म्हणाल तर नोंदणीसाठी व्यक्तीला 10,000 रुपये आणि फर्म किंवा कंपनीला 1 लाख, तेही पाच वर्षांसाठी. प्रशिक्षण आणि परीक्षेचे शुल्क वेगळे. सुरुवात व्यक्ती म्हणूनच करा, आणि भागीदार घ्यायचाच असेल तर त्याने कायदा वाचला आहे का ते आधी विचारा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. जुन्या सोसायटीतील रीसेल आणि भाड्याचे व्यवहार कलम 9 मध्ये येत नाहीत. माझा पूर्वीचा भागीदार आज तेवढेच काम करतो आणि परीक्षेवाचून त्याचे काही अडलेले नाही, हे मला मान्य करावे लागते. त्या 9 लाखांच्या व्यवहारातील माझ्या वाट्याचे ब्रोकरेज मी बाईंना नेऊन दिले. त्याच्या वाट्याचे अजून बाकी आहे.