द्राक्षं गेली, मग आभार कशाचे मानू?

मावशीला विचारा

प्रश्न: मावशी, प्रभूमध्ये सलाम. मी तासगाव तालुक्यातली. आमची सव्वा एकर माणिक चमन द्राक्षांची बाग आहे. फेब्रुवारीत माल काढायला आठच दिवस राहिले होते, व्यापाऱ्याशी दरही ठरला होता. एका रात्री पाऊस आला आणि पाठोपाठ गारा. सकाळी बघतो तर मणी तडकलेले, घडांतून रस गळतोय. दोन-तीन दिवसांत सगळ्या बागेला आंबूस वास सुटला. बेदाण्यालाही कुणी माल घेईना. डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे.

पुढच्या रविवारी उपासनेत साक्षीच्या वेळी एक बंधू सगळ्यांसमोर मला म्हणाले, "ताई, त्या पावसाबद्दलही देवाचे आभार माना. शास्त्रच सांगतं तसं." मी मान हलवली. माझे मिस्टर उठून बाहेर गेले, ते त्यानंतर चर्चला आलेच नाहीत. बागेत जाऊन एकटेच बसतात, फारसं बोलत नाहीत. मी रोज जेवणाआधी लेकरांना घेऊन उपकारस्तुती करते आणि दर वेळी वाटतं, आपण खोटं बोलतोय. मी काय करू?

— एक बहीण

उत्तर: लेकी, सलाम. तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी तुझ्या मिस्टरांचं. मी चौतीस वर्षं मिरजेत नर्स होते. ओरडणाऱ्या माणसापेक्षा गप्प झालेल्या माणसाची मला जास्त काळजी वाटते. त्यांना झोप लागते का, जेवण जातं का, "आता जगून काय करायचं" असं काही तोंडून निघतं का, बघ. सरळ विचारायलाही घाबरू नकोस. विचारल्याने कुणाच्या मनात नवीन काही भरत नाही. असं एकदा जरी बोलले तरी त्यांना एकटं सोडू नकोस. फवारणीची औषधं आजच कुलपात घाल आणि किल्ली तुझ्याकडे ठेव. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. ते बागेत बसले असतील तर चहा घेऊन जा आणि शेजारी बस. वचन सांगू नकोस.

आता त्या बंधूंच्या वचनाकडे येते. १ थेस्सलनीकाकरांस ५:१८: "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." शब्द नीट बघ. स्थितीत म्हटलंय, स्थितीबद्दल नाही. आमच्या पाळकसाहेबांनी मूळ ग्रीकमधूनही हेच समजावून दिलं होतं. मला ते वॉर्डात आधीच कळलं होतं. तापाने फणफणलेला रोगी कपाळावर गार पट्टी ठेवणाऱ्या सिस्टरचे आभार मानतो. तापाचे कुणी मानत नाही. कुणी तुला इफिसकरांस ५:२० दाखवेल, तिथे "सर्वांबद्दल" असा शब्द आहे. त्याच अध्यायाच्या अकराव्या वचनात ही दोन्ही पत्रं लिहिणारा प्रेषित पौल अंधाराच्या कामांचा निषेध करायला सांगतो. ज्याचा निषेध करायचा त्याचेच आभारही माना, असं एका दमात कुणी सांगत नाही. तुझ्या बागेवर गारा देवाने पाडल्या का, का पाडल्या, याचं उत्तर माझ्याकडे नाही. लेकरं, गुरंढोरं सगळं गमावलेल्या ईयोबालासुद्धा ते शेवटपर्यंत मिळालं नाही.

आणि हे लिहिणारा माणूस कोणत्या अवस्थेतून आला होता तेही पाहा. थेस्सलनीकाकरांचं पत्र इसवी सन ५० च्या आसपासचं, पौलाच्या अगदी सुरुवातीच्या पत्रांपैकी. थेस्सलनीकाला तो फिलिप्पैहून आला होता. फिलिप्पैत त्याला आणि त्याचा सोबती सीलाला कपडे फाडून छड्यांनी मारलं होतं, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलं होतं. मध्यरात्री ते दोघे तिथे गात होते. एवढं सगळ्यांना माहीत असतं, प्रवचनातही येतं. सकाळचा भाग मात्र कुणी सांगत नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, यांना सोडून द्या. पौल जागचा हलेना. आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलंत आणि आता गुपचूप घालवता? स्वतः या आणि आम्हाला बाहेर न्या. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या केल्या. रात्री देवाची स्तुती करणारा आणि सकाळी आपला हक्क मागणारा माणूस एकच आहे, लेकी. म्हणून पंचनामा झाला नसेल तर तलाठ्याकडे खेटे घाल. नुकसान तेहतीस टक्क्यांच्या वर असेल तर मदतीच्या यादीत तुमचं नाव लागायला हवं. सोसायटीत जाऊन कर्जाचं पुनर्गठन होतं का विचार, विम्याचा हप्ता भरला असेल तर त्याचा पाठपुरावा कर. हे केल्याने तुझा विश्वास कमी ठरत नाही.

त्या बंधूंवर राग धरू नकोस, असं मी म्हणते ते उगाच नाही. मी त्यांच्या जागी उभी राहिले आहे. चोवीस वर्षांची होते, नवी नवी स्टाफ नर्स. रात्रपाळीला जतकडची एक बाई होती, तिचं सात महिन्यांचं बाळ पहाटे गेलं. मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मी म्हणाले, "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम." तिने माझ्याकडे पाहिलं. बाळाची लोकरीची टोपी तिच्या हातात होती, ती बोटाभोवती गुंडाळत होती. म्हणाली, "सिस्टर, तुम्हाला लेकरू आहे?" मला नव्हतं. ती आणखी काही बोलली नाही. बाळाला घेऊन पहिल्या एसटीने गेली. तिचं नाव मला आठवत नाही, टोपी आठवते, पिवळी होती.

ते वाक्य खोटं नाही. ते ईयोबाचं आहे, आणि ते ईयोबानेच म्हणायचं होतं, त्याच्या तोंडात कुणी घालायचं नव्हतं. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. त्याचे मित्र सात दिवस जमिनीवर त्याच्याजवळ मुकाट बसले, तोवर त्यांनी बरोबर केलं. बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. शेवटी देव म्हणतो, माझ्याविषयी ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. शाप देणाऱ्या, भांडणाऱ्या ईयोबाविषयी देव हे म्हणतो.

खुद्द प्रभूकडे बघ ना. आपला मित्र लाजर याच्या कबरेशी "येशू रडला" आणि काहीच वचनांनंतर तो पित्याचे उपकार मानतो. दोन्ही त्याच कबरेसमोर. ज्या रात्री त्याला धरून दिलं, त्या रात्री त्याने हातात भाकर घेतली आणि उपकारस्तुती केली. पुढे गेथशेमाने बागेत गेला तेव्हा समोरच्या दुःखाच्या प्याल्याबद्दल आभार मानले का? नाही मानले. शक्य असेल तर हा प्याला टळू दे, म्हणून पालथा पडून विनवलं. भाकरीबद्दल आभार आणि प्याल्याबद्दल विनवणी, एका रात्रीत. त्याने जे केलं नाही ते तू करावंस असा आग्रह धरणारी मी कोण!

हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक वाच, तीनच अध्याय आहेत. तुझ्यासाठीच लिहिलंय असं वाटेल, कारण त्यात द्राक्षवेल आहे. पहिल्या अध्यायात तो देवाला विचारतो, मी कुठवर ओरडू, तू ऐकत का नाहीस. तिसऱ्यात यादी करतो: अंजीर फुलला नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यातली मेंढरं गेली, गोठ्यात गुरं उरली नाहीत. हा पंचनामाच आहे. काय काय गेलं ते तो एकेक करून सांगतो, काही झाकत नाही, काही गोड करून सांगत नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्हास करीन. त्या "तरी"च्या आधी सहा नुकसानं मोजलेली आहेत. तू आणि तुझ्या मिस्टरांनी ती मोजलीत का, देवासमोर? किती घड होते, किती दर ठरला होता, त्यातून काय काय करायचं होतं, लेकीची फी, घराचा पत्रा? मला वाटतं तुला प्रार्थनेत खोटं वाटतं ते इथेच. ही यादी न वाचताच तू एकदम "तरी"वर जातेस.

माझ्या घराचं सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ ची. शामरावनगरातल्या माझ्या घरात छातीभर पाणी होतं. मी मिरजेला बहिणीकडे होते. परत आले तर दार ढकलून उघडेना, आत गाळ बसलेला. ज्वारीच्या पिंपाचं झाकण काढलं तर ज्वारी फुगून, मोड येऊन कुजली होती, त्या वासाने मी ओसरीत येऊन बसले. मिस्टर जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्यांचा लग्नातला फोटो काचेला चिकटला होता आणि चेहऱ्याच्या जागी तपकिरी डाग होता. त्या दिवशी मी आभार मानले नाहीत. रिकाम्या घरात मोठ्याने देवाशी भांडले. दुसऱ्या दिवशीही भांडले.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत टँकर आला. माझा गुडघा धरलेला, म्हणून समोरच्या भाभींनी त्यांच्या घागरीआधी माझी बादली भरून आणली. मी ती मोरीत ठेवली आणि बघत राहिले. बादलीचा तळ दिसत होता. इतके दिवस नुसतं मातीच्या रंगाचं पाणी बघितलेलं. हात धुतले, नखांतला गाळ निघाला, आणि तोंडातून गेलं, "बापा, या पाण्यासाठी." एवढंच. फोटोसाठी मी आभार मानले नव्हते, आजही मानत नाही. पण त्या बादलीपासून पुन्हा प्रार्थना येऊ लागली. पौल फिलिप्पैकरांना लिहितो, असेन त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे. शिकलो म्हणतो. कुणी त्याला ते आयतं दिलं नव्हतं, आणि शिकायला वेळ लागतो.

तेव्हा आज रात्री जेवायला बसाल तेव्हा नेहमीची पाठ झालेली प्रार्थना बाजूला ठेव. म्हण, "देवा, आमची बाग गेली. आम्हाला फार वाईट वाटतंय. कर्जाची भीती वाटते. समोर ही भाकरी आहे, हिच्यासाठी आम्ही तुझे उपकार मानतो." याच क्रमाने. लेकरांनी आईला रडताना ऐकलं तर काही बिघडत नाही. मिस्टर त्या वेळी नुसते ताटावर बसले तरी पुरे, डोळे मिटले की नाही ते बघू नकोस. चर्चला यायचं कधी ते त्यांचं त्यांना ठरवू दे. पाळकसाहेबांना मात्र सांग, घरी या म्हणावं, आणि आल्यावर बागेतून एक चक्कर मारा.

---

प्रश्न: मी साताऱ्यात नोकरी करतो, घरच्यांपासून लांब राहतो. रोज रात्री मोबाईलमधल्या एका इंग्रजी ॲपमध्ये पाच गोष्टी लिहितो ज्यांच्याबद्दल देवाचे आभार मानायचे. दोन वर्षं झाली. आता रोज तेच येतं: कुटुंब, आरोग्य, नोकरी, मित्र, जेवण. जेवण म्हणजे खानावळीचा डबा, चार वर्षं तो देणाऱ्या मावशींचं नावही मला ठाऊक नाही. मन लागत नाही. सोडून देऊ का?

— एक तरुण

उत्तर: बाळा, ॲप सोड, आभार सोडू नकोस. पाच नको, एकच लिही, आणि मराठीत लिही. तू ज्या गावात राहतोस तिथेच कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. आपल्या मंडळीने देवाला आपल्या भाषेत, अभंगांत आणि भजनांत आळवावं म्हणून त्यांनी जन्मभर कष्ट घेतले. तुझ्या आईशी तू ज्या भाषेत बोलतोस त्या भाषेत लिहिलंस की "कुटुंब" असा कोरडा शब्द लिहिताच येणार नाही. "आईने फोनवर खोकला लपवला" असं लिहावं लागेल.

येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट तुला पाठ असेल. दहाही बरे झाले. दहाहीजणांना मनातून आनंद झालाच असणार, आणि आजच्यासारखी सोय असती तर दहाहीजणांनी ते लिहूनही ठेवलं असतं. आभार मानायला उलट वळून चालत आला तो एकच, तोही यहूदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला, शोमरोनी. तेव्हा रात्री ज्याचं नाव लिहिशील त्याला दुसऱ्या दिवशी जाऊन सांग, किंवा फोन कर. तू पत्रात जाता जाता लिहिलंयस की खानावळीच्या मावशी चार वर्षं डबा देतात आणि त्यांचं नाव तुला ठाऊक नाही. उद्या डबा घ्यायला जाशील तेव्हा विचार.