दिल्लीच्या गाडीतून आलेल्या तुझ्या मेसेजला उत्तर

अगं, कर्नाटक एक्स्प्रेसमधून पाठवलेला तुझा मेसेज दोनदा वाचला. दिल्लीच्या कॉन्फरन्सला पेपर वाचायला निघालीस, आणि तिथे सगळे जेएनयू नाहीतर मुंबईच्या टिससारख्या नावाजलेल्या संस्थांचे असणार, मी सोलापूर विद्यापीठाची, इंग्रजी अडखळतं, आणि पुढे नोकरीचा पत्ता नाही, मग परत आल्यावर पीएचडी सोडूनच देऊ का, असं विचारतेस. यात तू दोन शंका कालवून टाकल्यास बघ. मी त्या लायक आहे का ही एक, आणि यात पोट भरेल का ही दुसरी. वरच्या बर्थवर झोप न येता पडलं की दोन्ही एकच वाटायला लागतात, पण त्यांची उत्तरं वेगळ्या ठिकाणी आहेत.

आधी लायकीचं. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या विडी घरकुलात, विडी कामगार बायकांच्या त्या वसाहतीत, तू महिनोन्महिने बायकांच्या दारात बसलीस, मांडीवर सूप, पत्र्याच्या फरम्यावर पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं, आणि हात एकदाही न थांबता त्या तुझ्याशी तेलुगूत बोलल्या कारण तू त्यांच्यातलीच. हजारामागे मजुरी किती आणि तपासणीत किती विड्या छाटल्या जातात हे त्यांनी तुला सांगितलं, बाहेरून फॉर्म घेऊन आलेल्या माणसाला असं कोण सांगणार? 2006 मध्ये ती दहा हजार घरं कामगारांच्या ताब्यात आली, स्वतःचं घर झाल्यावर बाईच्या कामात काय बदललं हा तुझा प्रश्न आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. इंग्रजीचं म्हणशील तर वाक्यं छोटी ठेव, बायकांची दोन-तीन वाक्यं तेलुगूतच वाचून दाखव आणि मग अर्थ सांग, आणि उत्तर माहीत नसेल तर "हे मी मोजलेलं नाही" एवढं सरळ म्हण, त्यात कमीपणा काहीच नाही.

पात्रता असूनही आपण इथे चुकून आलोय असं वाटणं, याला पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये 'इंपोस्टर फिनॉमेनन' असं नाव दिलं, आणि त्यांनी अभ्यास केला तो शिकलेल्या, यश मिळवलेल्या बायकांचाच. म्हणजे तू एकटी नाहीस. पण आजकाल प्रत्येक काळजीला इंपोस्टर सिंड्रोम म्हणून मोकळं व्हायची पद्धत पडलीय ती मला पटत नाही, कारण तुझी दुसरी शंका मनाचा खेळ नाहीच, ती खरी आहे.

तुझ्या संशोधनाच्या फेलोशिपचे, म्हणजे जेआरएफचे, महिन्याला 37,000, पुढे तिची वरची पायरी एसआरएफ झाल्यावर 42,000, तेही कधी वेळेवर येतात कधी नाही, आणि एक दिवस ते संपणारच. त्यानंतर काय? कायमच्या जागांची भरती वर्षानुवर्षं रखडते आणि नेट-सेट, पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवत बसतात, सुट्टीत तास नाहीत म्हणून पगारही नाही. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण याचा हिशोब कॉन्फरन्सच्या हॉलमध्ये दुसऱ्यांचे गुळगुळीत पेपर ऐकत होत नाही गं, तो घरी वही घेऊन करायचा. फेलोशिप किती महिने उरली, घरात तुझ्या पैशावर काय काय चालतं, सीएचबीवर किती वर्षं काढायची तयारी आहे, आणि कामगार आरोग्य, घरकुल, बचतगट यांवर काम करणाऱ्या संस्थांत तुझा हा अभ्यास चालेल का. आईला समोर बसव, पप्पांनाही, त्यांचा यंत्रमाग कारखाना आठवड्यात किती दिवस बंद असतो ते तुला माहीतच आहे. हे सगळं मांडून जर सोडायचं ठरलं तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन, एक शब्द बोलणार नाही. फक्त गाडीत ठरवू नकोस.

आता दिल्लीचं. पंधरा मिनिटं आहेत, तुझ्या स्लाइड बावीस, निम्म्या काढ. थिअरीच्या चार तर आधी काढ. मजुरीचा तक्ता ठेव आणि त्यावर थांब, घाई करू नकोस. चहाच्या वेळी कोपऱ्यात मोबाईल घेऊन उभी राहू नकोस, ज्याचा पेपर आवडला त्याला जाऊन एक खरा प्रश्न विचार, नाव-ईमेल घे, बस. शेंगाचटणी नेलीयस ना, ती रूममधल्या पोरींना दे.

आणि सेशन संपल्या संपल्या, कोणी काय विचारलं ते जसंच्या तसं लिहून काढ आणि मला पाठव, तुला उत्तर आलं नाही ते प्रश्न तर नक्कीच, चौथ्या चॅप्टरला तेच लागणार आहेत.