वाचकांचे प्रश्न : स्टाव्हांगरचा खाद्यमहोत्सव आणि शाकाहारी पाहुणे

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई नॉर्वेतील स्टाव्हांगर येथे तेल कंपनीत नोकरी करतात. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघे त्यांच्याकडे जाणार आहोत. तेथील बंदरावर दरवर्षी भरणारा 'ग्लाडमात' हा खाद्यमहोत्सव गाठूनच यावे, असा मुलीचा आग्रह आहे. मी मासे आवडीने खातो. पत्नी पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाही. तेलाच्या शहरात खाण्याचा एवढा मोठा उत्सव का भरतो, आणि तिला तेथे काही खाता येईल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपण 'तेलाचे शहर' म्हणता ते आजच्या पुरते खरे आहे. उत्तर समुद्रातील एकोफिस्क क्षेत्रात तेल सापडले ते १९६९ च्या अखेरीस. त्यापूर्वी कित्येक दशके स्टाव्हांगरचे पोट मासे डबाबंद करण्याच्या धंद्यावर भरत होते. तेथे पहिला कारखाना १८७३ मध्ये निघाला आणि पुढे धंदा भरात असताना नॉर्वेतील असे निम्म्याहून अधिक कारखाने या एका शहरात होते. त्यांचा मुख्य माल म्हणजे ब्रिस्लिंग, अर्थात आपल्या तारलीच्याच कुळातील बोटाएवढा मासा. शिवाय शहराच्या दक्षिणेला यॅरेन हा सपाट, सुपीक पट्टा आहे. डोंगराळ नॉर्वेत अशी जमीन दुर्मिळ असल्याने दूधदुभते, मेंढ्या आणि बटाटे यांसाठी तो भाग नावाजलेला आहे, आणि देशातील टोमॅटोचा मोठा वाटाही याच परिसरातील काचघरांतून येतो. माल आधीपासून होता. तेलाने चांगले पैसे मोजणारे गिऱ्हाईक आणले आणि उत्तम स्वयंपाकी टिकून राहिले, असे माझे मत आहे. येथील 'रे-ना' या उपाहारगृहाला २०२४ मध्ये मिशेलिन या उपाहारगृहांना दर्जा देणाऱ्या मार्गदर्शिकेचे तीन तारे, म्हणजे सर्वोच्च मान, मिळाले, तेही या मताला धरूनच आहे.

महोत्सव १९९९ मध्ये सुरू झाला. शहराच्या मधोमध घुसलेल्या व्होगन या चिंचोळ्या बंदराच्या दोन्ही काठांवर तंबू लागतात आणि उपाहारगृहे, शेतकरी, चीजवाले व मासेवाले आपापला माल तेथे मांडतात. फिरायला तिकीट नाही. खाण्याचे पैसे मात्र मोजावे लागतात, आणि ते रुपयांत हिशेब न केलेलेच बरे. अनेक वर्षे हा उत्सव जुलैच्या उत्तरार्धात भरत आला असला, तरी तारखा बदलतात. त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या वर्षीच्या तारखा मुलीकडून पक्क्या करून घ्याव्यात.

आपल्यासाठी पहिली शिफारस कोळंबीची. नॉर्वेत ती बोटीवरच खारट पाण्यात उकडतात आणि सालासकट, थंडच विकतात. लोक धक्क्यावर बसून हाताने एकेक सोलतात, पांढऱ्या पावावर ढीग रचतात, वर थोडे मेयोनीज आणि लिंबू पिळतात, बस्स. तिखट नाही, हळद नाही, कोकम नाही. रत्नागिरीकराला पहिला घास अळणी वाटण्याचा संभव आहे, पण त्या थंड पाण्यातील कोळंबीला स्वतःची गोडी असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या घासाला ती कळू लागते. उन्हाळा हा तेथे बांगड्याच्या भाऊबंदाचा, म्हणजे मॅकरेलचाही हंगाम असतो. धुरावलेला मॅकरेल दिसल्यास सोडू नये.

आपल्या पत्नीच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागेल. प्रत्येक विक्रेत्याला ठरावीक १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. दूध, अंडे, मासे, कवचधारी जलचर हे सारे त्यात येत असल्याने अंडे आहे की नाही हे लगेच कळते. पण मांसाचा अर्क, जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला, पदार्थ घट्ट करणारा घटक) आणि चीज विरजण्यासाठी वापरले जाणारे प्राणिज रेनेट या यादीत नाहीत. म्हणजे फलकावर केवळ 'दूध' लिहिलेले मिष्टान्न शाकाहारी असेलच असे नाही, आणि भाज्यांच्या सूपमध्ये हाडांचा अर्क असू शकतो. म्हणून फलक वाचून न थांबता विचारावे. विक्रेते इंग्रजी उत्तम बोलतात आणि अशा प्रश्नाला कोणी तोंड वाकडे करत नाही.

लोणी-साखर लावून गुंडाळलेली लेफ्से ही मऊ पोळी, बटाट्याचे पदार्थ आणि त्या ऋतूतील स्ट्रॉबेरी हे बहुधा त्यांना चालेल. लेफ्सेच्या पिठात अंडे नाही ना, एवढे विचारून घ्यावे. व्हाफल (जाळीदार साच्यात भाजलेला गोड केक) टाळावे, कारण त्यात अंडे असते. ब्रुनोस्ट हे तपकिरी चीज चवीला खारवलेल्या खव्यासारखे लागते, कारण चीज काढून उरलेली निवळी मलई घालून आटवून ते बनवतात. मात्र ती निवळी रेनेट वापरलेल्या चीजची असू शकते, तेव्हा निर्णय त्यांचा त्यांनी घ्यावा. कोमले हा बटाट्याचा उकडलेला गोळा या भागाचा खास पदार्थ, पण तो खारवलेल्या मटणाबरोबर, पुष्कळदा त्याच पाण्यात शिजतो, म्हणून तो आपल्या ताटात असू द्यावा.

महोत्सवासाठी एक दुपार आणि एक संध्याकाळ पुरे. जुलैच्या मध्याला सूर्य साडेदहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवणाच्या वेळची गर्दी ओसरल्यावर निवांत फिरता येते. मात्र पाऊस केव्हाही येतो, तेव्हा छत्रीपेक्षा टोपीचे जॅकेट न्यावे. उरलेल्या वेळात बंदराच्या पश्चिमेला, जुन्या पांढऱ्या लाकडी घरांच्या वस्तीतील डबाबंदीचे संग्रहालय अवश्य पाहावे. ते एका जुन्या कारखान्यातच आहे. ब्रिस्लिंग सळ्यांवर ओवून भट्टीत कसे धुरवत आणि मग डोकी छाटून ते डब्यात हाताने ओळीने कसे रचत, हे तेथे समजते. हे रचण्याचे काम बहुतांशी बायकांचे होते.

प्रश्न : माझी बहीण नॉर्वेत घरगुती पुरणपोळ्या करून देते. तिला अशा महोत्सवात विक्रीचे दालन घेता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : घेता येईल, पण आयत्या वेळी नाही. खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला 'मात्तिल्सीने' या सरकारी अन्नसुरक्षा यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते, आणि महोत्सवातील जागेसाठी आयोजकांकडे आधीच अर्ज करावा लागतो. पुरणपोळीत गहू आणि तूप असल्याने ग्लूटेन (गव्हातील प्रथिन) व दूध या दोन्हींचा उल्लेख फलकावर करणे आवश्यक ठरेल.